जुनी बीएमडब्ल्यू: ३२०डी (डिझेल) की ३३०आय (पेट्रोल)?

२०२० ची, बीएस-६. रोज नागपुरात मनीषनगर ते सीताबर्डी, समृद्धी महामार्गावर क्वचितच. कोणतं इंजिन घेऊ?

— पेट्रोलच घ्या भाऊ. डिझेलच्या डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळायला सलग हायवे रनिंग लागतं. सिग्नल-सिग्नलच्या गाडीत ते अर्धवट राहतं, काजळी जाळायला जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. मग टर्बो अन् टायमिंग चेन (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) दोन्ही झिजतात.

— चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिथे पोहोचणं अवघड, म्हणून खर्च मोठा. डिझेल पाहायचीच तर सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करा, चेनची खडखड येते का ऐका. स्कॅनरवर डीपीएफमधल्या काजळीचं प्रमाण बघाच.

— पेट्रोलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तपासा. नागपूरच्या ४५ अंशांत प्लास्टिकचे जोड ठिसूळ होतात. ऑइल फिल्टर हाउसिंगखाली वाळलेले पांढरट डाग दिसले तर गळती धरा.