विंडोज पुसायच्या आधी गेमची यादी तपासा

रात्रपाळी
काल या फोरमवर एकाने नवख्या माणसाला सांगितलं, "आता सगळे गेम लिनक्सवर चालतात, विंडोज पुसून टाक." असले सल्ले बंद करा! विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं प्रोटॉन २०१८ पासून आहे, २०२२ मध्ये स्टीम डेक (लिनक्सवर चालणारं हातातलं गेमयंत्र) आल्यावर ते झपाट्याने सुधारलं, एकट्याने खेळायचे बहुतेक गेम नुसतं प्ले दाबून चालतात. इथवर सगळं खरं. पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. लीग ऑफ लेजेंड्स २०२४ मध्ये व्हॅलोरंटचंच व्हॅनगार्ड हे अँटीचीट (खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) आल्यावर गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एपेक्स लेजेंड्सनेही लिनक्सचं दार लावलं. आधी प्रोटॉनडीबी या साइटवर (कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो ते तिथे लोक नोंदवतात) एकेक गेम शोधा, ऑनलाइन गेमसाठी अँटीचीटची वेगळी यादी बघा, मग ठरवा.

पेंग्विनपंथी
दोष लिनक्सचा नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय ही अँटीचीट २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते. एका गेमसाठी अख्ख्या कर्नलचा, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचा, ताबा कुणाला द्यायचाच कशाला? असले गेम सोडून द्यावेत.

रात्रपाळी
दोष कुणाचा हे विचारलंच नव्हतं. ज्याची मित्रमंडळी रोज व्हॅलोरंट खेळतात, त्याला तत्त्वज्ञान सांगून काय उपयोग?

कळफलक
यावर ड्युअल बूट, म्हणजे एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, हा सरळ उपाय आहे. गेमची डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्येच ठेवा, दोन्हीकडून तीच स्टीम लायब्ररी वापरा. शंभर जीबीचा गेम दोनदा कशाला उतरवायचा?

माउंटपॉइंट
नेमका हाच सल्ला नवख्याला गाळात घालतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कंपॅटडेटा फोल्डरमध्ये खोटी विंडोज उभी करतो आणि त्यात "सी:" नावाची लिंक बनवतो. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. एनटीएफएसवर ती लिंक बनली नाही, की प्ले दाबल्यावर क्षणभर हालचाल होते आणि बटण पुन्हा हिरवं. एररही दिसत नाही. दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन अर्धवट होतं आणि तो ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरता उघडतो. अपडेट मग लिहायचं कुठे?

कळफलक
दोन्हींवर उपाय आहेत. पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढायची. कंपॅटडेटा लिनक्सच्या होममध्ये हलवून जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारी खूण) ठेवायची. दहा मिनिटांचं काम.

माउंटपॉइंट
सिमलिंक म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याच्याबद्दल बोलतोय आपण! आणि फ्लॅटपॅकचं (बंदिस्त पॅकेजमधलं) स्टीम असेल तर त्याला दुसरी डिस्क दिसतच नाही, फ्लॅटसील या अ‍ॅपमधून परवानगी द्यावी लागते. उबुंटूच्या स्नॅप या पॅकेजमधल्या स्टीमच्या तक्रारी तर निराळ्याच, त्यापेक्षा स्टीमच्या साइटवरचं डेब पॅकेज घ्या. लिनक्सचे गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटवर आणि विंडोजचे एनटीएफएसवर, एवढंच सांगा ना.

कळफलक
बरं, नवख्यासाठी वेगळी विभागणी बरी, मान्य. पण जागा कमी असेल तर माझाच मार्ग उरतो, आणि तो जमतो.

पेंग्विनपंथी
ड्युअल बूटच्या भानगडीपेक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज टाका.

रात्रपाळी
व्हॅनगार्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही. शिवाय ग्राफिक कार्ड आत द्यायचं तर आयओएमएमयूच्या गटांपासून (कोणतं हार्डवेअर वेगळं काढून देता येईल त्याच्या विभागणीपासून) सुरुवात. हे नवख्याचं काम आहे?

निळापडदा
तुम्ही एनटीएफएसवर भांडताय आणि माणूस अडकतो एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डावर. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असताना ड्रायव्हर टाकला की पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे "एनरोल मोक" (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. थोड्या वेळात काही दाबलं नाही तर तो पडदा निघून जातो, ड्रायव्हर लोड होत नाही आणि गेम रांगत चालतो. मग लोक प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसतात. टर्मिनलमध्ये "एनव्हिडिया-एसएमआय" चालवा. कार्डाचं नाव दिसलं नाही तर दोष ड्रायव्हरचा, गेमचा नाही.

पेंग्विनपंथी
मग सिक्युअर बूटच बंद करा, कटकट मिटेल.

निळापडदा
बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर विंडोज लगेच ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती आधी लिहून ठेवा. शिवाय व्हॅनगार्ड विंडोज ११ वर सिक्युअर बूट मागतं, म्हणजे ज्या गेमसाठी विंडोज ठेवलं तोच बंद पडायचा. चालूच राहू द्या, मोक नोंदवा. आणि दुसऱ्या डिस्कवर लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, नाहीतर काही इन्स्टॉलर बूटलोडर (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) तिच्याच ईएफआय या बूटसाठीच्या विभाजनात टाकतात.