अनुभव धागा: हायवेवरची लेन, ओव्हरटेक आणि आपले बारकावे

मृण्मयी

भाची गाडी शिकतेय. काल हायवेचा विषय निघाला आणि बाबांचं "आरसा, इंडिकेटर, आरसा, मान" कानात वाजायला लागलं. म्हटलं धागाच काढू. ज्यांना जे पक्कं ठाऊक आहे ते आकड्यांसकट लिहा. वाहतूक डावीकडून चालते असं धरून लिहूया. जिथे उजवीकडून चालते तिथल्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

सुरुवात मीच करते. सगळ्यात उजवी लेन ओव्हरटेकपुरती. काम झालं की परत डावीकडे. काटा वेगमर्यादेवर असला तरी तिथे मुक्काम ठोकायचा हक्क मिळत नाही. मागचा कंटाळून डावीकडून काढतो, आणि नेमकं त्याच क्षणी आपल्याला डावीकडे यायचं असतं.

चक्रधर

ताई, आकडे घ्या. पुढे ट्रेलर ताशी ८० ने, आपण १०० ने. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तीन सेकंदांचं अंतर राखून बाहेर पडलो तर ते साधारण ६७ मीटर. ट्रेलर १६, आपली गाडी ४, आणि पुढे परत शिरताना दोन सेकंदांची जागा सोडायची ती ५५. बेरीज १४२ मीटर. याला २५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण ७०० मीटर पुढे गेलेलो असतो.

आता फरक फक्त ५ चा ठेवा. दीड मिनिटाच्या वर वेळ, सव्वादोन किलोमीटर रस्ता, आणि ट्रेलरच्या चाकांना खेटून राहण्याचा वेळही चौपट. म्हणून रेंगाळत ओव्हरटेक करायचाच नाही. मर्यादेत राहून पुरेसा फरक मिळत नसेल तर मागेच थांबावं.

शमा_२

+१. बस येईपर्यंत लिहितेय.

अॅडाप्टिव्ह क्रूझवाल्यांनी (पुढच्या गाडीनुसार आपला वेग आपोआप जुळवणारी सोय) लक्ष द्या. ट्रक जवळ आला की गाडी गुपचूप वेग कमी करते. आपल्याला वाटतं १०० वर आहोत, असतो ८० वर. तसंच बाहेर पडलं तर मागून १०० ने येणाऱ्याच्या पुढ्यात जातो. ट्रकच्या फार जवळ पोचायच्या आधीच लेन बदलायची.

गिअर हाताने बदलायची (मॅन्युअल) गाडी असेल तर पाचव्या गिअरमधून चौथ्यात आधी आणा, मग बाहेर पडा. टर्बो डिझेल इंजिन १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) खाली ओढत नाही. ऑटोमॅटिकमध्ये पॅडल तळाला नेलं तरी गिअर पडेपर्यंत सेकंदभर जातो, तो हिशोबात धरा. आली बस.

रानवाट

आरसे नीट लावले तर अर्ध काम होतं. डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि उजवा आरसा असा फिरवायचा की आपल्या गाडीची बाजू जेमतेम दिसेल. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून डावा आरसा तसाच. सरळ बसलं की दोन्हींत स्वतःची गाडी दिसत नाही, शेजारची लेन दिसते. तपासायचं कसं? मागून येणारी गाडी आतल्या आरशातून सरकत असतानाच बाजूच्या आरशात उगवली पाहिजे, आणि तिथून जाताना डोळ्याच्या कोपऱ्यात. मान वळवायची ती वळवायचीच.

बाहेरगोल आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. अंतराचा अंदाज आतल्या सपाट आरशात घ्यावा.

अवजड_वाहक

ट्रकच्या बाजूने चार गोष्टी.

ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. डावीकडे आंधळी जागा सगळ्यात मोठी. केबिनच्या नाकासमोरचे काही मीटरही दिसत नाहीत. म्हणून ओव्हरटेक झाल्या झाल्या पुढ्यात घुसू नका. आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही दिवे पूर्ण दिसू द्या, आणखी अंतर पडू द्या, मग या. आणि आल्यावर ब्रेक नको, कृपा करून. एअर ब्रेकमध्ये हवा पोचून लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) धरेपर्यंत क्षणभर जातो आणि मागे कैक टन माल असतो.

ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर "जा पुढे" असा अर्थ लावू नका. अनेक पदरी रस्त्यावर तो उजवीकडे येतोय असंच धरा.

मृण्मयी

दादा, एक ट्रक दुसऱ्याला काढताना दोन्ही लेन इतका वेळ का अडतात?

अवजड_वाहक

स्पीड लिमिटर, म्हणजे ठरावीक वेगाच्या वर जाऊ न देणारं यंत्र. युरोपात अवजड ट्रक ९० ला बांधलेले असतात, पण टायरची झीज आणि कॅलिब्रेशन (वेगमापकाची जुळणी) यामुळे एकाचा खरा वेग ८८ निघतो, दुसऱ्याचा ९०. ताशी दोनचा फरक म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर आणि थोडं. दोन्ही ट्रकांची लांबी आणि मोकळी जागा धरून ८० मीटर सरकायचे तर जवळजवळ अडीच मिनिटं. उपाय काढला जाणाऱ्याच्या हातात असतो. त्याने पाय उचलून वेग पाचने कमी केला की पाऊण मिनिटात सुटका.

चक्रधर

एक राहिलं, आणि तीन पदरी रस्त्यावर हे सगळ्यात घातक. मधली लेन रिकामी. उजवीकडचा ओव्हरटेक संपवून मधे येतोय, त्याच वेळी डावीकडचाही त्याच्या पुढचा ट्रक टाळायला मधे येतोय. दोघांनी आरसा बघितला, दोघांना मागे कोणी नाही. एकमेकांकडे कोणीच बघितलं नाही. मधल्या लेनमध्ये शिरताना तिच्या पलीकडची लेनसुद्धा बघायची, आणि तिथल्या गाडीचा इंडिकेटर किंवा पुढचं चाक वळतंय का तेही. इंडिकेटर निदान तीन सेकंद आधी. रेषा ओलांडताना दिलेल्या इंडिकेटरचा कोणाला उपयोग नाही.

प्राजक्ता_

मागून चिकटणाऱ्यांसाठी: २००८ साली जपानी संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना एकाच वेगाने चालायला सांगितलं होतं. अडथळा काहीच नाही, तरी थोड्या वेळात कोंडी झाली आणि ती मागे मागे सरकत राहिली. एकाने जरा ब्रेक दाबला की मागचा जास्त दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त. अंतर असलं की नुसता पाय उचलून भागतं.

रानवाट

पावसाचं कोणी लिहिलं नाही. ट्रकच्या बरोबरीला जायच्या आधीच वायपर जोरात लावा, तुषारात शिरल्यावर नव्हे. आणि ट्रकची आडोशाची बाजू संपली की वारा एकदम बाजूने आपटतो, उंच गाडीला जास्त. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

शमा_२

वायपरवरून आठवलं, माझा एकच पट्टा काच पुसत नाही, मधे ओली रेघ राहते. रबर नवीन आहे. काय असेल?

रानवाट

शमाताई, आधी काच स्पिरिटने पुसून बघा, मेणाचा थर असतो. तरी राहिली तर रबर नाही, दांड्याची स्प्रिंग. पट्टा काचेपासून उचलून सोडा, दोन्ही बाजूंचा जोर सारखा लागतोय का बघा.