पिटमध्ये सीटी २३ आला, ३५ अंशांच्या उतारावर जावं का?

वाटसरू: उद्या स्की टूरिंगला (स्की लावून डोंगर चढायला-उतरायला) निघायचंय, हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका पातळी ३ दिलीय (५ पैकी). आज उताराच्या कडेला बर्फाचे थर बघायला पिट (खड्डा) खणला. वर साधारण ६० सेमी घट्ट झालेलं बर्फ आणि त्याखाली साखरेसारखे सुटे दाणे, मुठीत धरले तरी चिकटत नाहीत. कॉम्प्रेशन टेस्ट (सीटी, कापलेल्या बर्फाच्या ठोकळ्यावर वाढत्या जोराने थापा मारत तो कधी तुटतो ते बघायचं) केली तर २३ व्या थापेला तुटलं, म्हणजे खांद्यातून मारायच्या सगळ्यात जोरदार थापा सुरू झाल्यावर. हे चांगलं लक्षण ना? उतार ३५ अंश, सावलीतला.

हिमकण: तुटलं तेव्हा नेमकं कसं तुटलं ते सांगा आधी, आकड्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. ठोकळा एकदम सपाट सरकून पुढे आला की वेडावाकडा चुरा होत खचला?

वाटसरू: एकदम सरकला. वरचा भाग अख्खा हातात आला.

हिमकण: मग २३ वर खूश होऊ नका. म्हणजे तडा जायला जोर लागला पण एकदा गेला की तो थर लगेच सोडतो. आणि सीटीचा ठोकळा फक्त ३० बाय ३० सेमी, त्यात तडा पुढे पळतो का हे दिसतच नाही, त्यासाठी एक्सटेंडेड कॉलम टेस्ट करा, ९० सेमी रुंद कापायचा, एकाच टोकाला थापा मारायच्या आणि तडा दुसऱ्या टोकापर्यंत जातो का बघायचं. गेला तर विषय संपला. नाही गेला तरी तो निकाल त्या एका खड्ड्याचा आहे, अख्ख्या उताराचा नाही. तुमच्या पिटमध्ये स्लॅब (वरचा घट्ट थर) ६० सेमी आहे पण वर खडकांजवळ तोच २५ सेमी असू शकतो, तिथे तुमचं वजन थेट त्या दाण्यांपर्यंत पोचतं आणि तिथून सुरू झालेला तडा जाड भागही घेऊन खाली येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पिट वाईट निघाला तर मागे फिरायला त्याचा उपयोग करा, चांगला निघाला म्हणून उतारावर चढायला कधीच नाही.

उत्तरवारा: +१. हे दाणे सिझनच्या सुरुवातीला बर्फ पातळ असताना होतात, खाली जमीन शून्याच्या आसपास आणि वर कडाक्याची थंडी, १० सेमीला १ अंशापेक्षा जास्त फरक पडला की कण बदलायला लागतात. असा थर कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे दोन दिवस हवा छान होती वगैरे मनात आणू नका. बाकी वाटेत काही दिसलं का? ताजी हिमस्खलनं, स्कीपासून पळणाऱ्या भेगा, पायाखाली धप्प आवाज? वारा कुठून होता?

वाटसरू: वारा पलीकडून होता, कड्यावरून बर्फ उडत या बाजूला येत होतं. आणि हो, खालच्या सपाटीवर एकदा धप्प झालं होतं आणि बर्फ खाली बसल्यासारखं वाटलं, पण तिथे उतार नव्हता म्हणून लक्ष दिलं नाही.

हिमकण: अहो तेच तर उत्तर आहे! तो आवाज म्हणजे तोच कमकुवत थर कोसळला. सपाटी होती म्हणून काही सरकलं नाही, ३५ अंशांवर सरकलं असतं. त्यात वाऱ्याने याच बाजूला भर टाकलीय. यानंतर कुठलीही टेस्ट करायची गरज नाही.

वाटसरू: बरं. मग खालच्या जंगलातून जाणारा २५ अंशांचा रूट घेतो, तिघं आहोत, बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं सगळ्यांकडे आहे.

उत्तरवारा: २५ ठीक, पण त्याच्या डोक्यावर काय आहे ते नकाशात बघा. असा थर असताना खालून चालणाऱ्या माणसामुळेही वरचा तीव्र उतार सुटू शकतो, त्यामुळे ३० च्या वरचे उतार जिथे थेट वाटेवर उतरतात तो टप्पा टाळाच, आणि घळीतून अजिबात जाऊ नका, तिथे थोडंसं बर्फ आलं तरी खोल साचतं. निघायच्या आधी एकमेकांचे बीकन सेंड आणि सर्च दोन्हीवर तपासा. गाडलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर आला तर वाचायची शक्यता खूप चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते, म्हणजे बाहेरून मदत यायच्या आत तुम्हा तिघांनाच काय ते करायचंय.

वाटसरू: नकाशा बघितला, मधला एक टप्पा बरोबर त्या उताराच्या खाली येतोय. त्याच्या अलीकडूनच परत फिरू.