तीनशे फायली ओढून टाकल्या की बॅच फाइल अडते – सल्ला हवा

हळकुंड
सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. २०१९ च्या महापुरात शेतकऱ्यांना द्यायच्या जुन्या हिशोबपट्ट्यांचा लगदा झाला, तेव्हापासून सगळं स्कॅन करून ठेवतो. सौदे जोरात असले की दिवसाला तीनशेच्या वर फायली. दिवाणजी संध्याकाळी त्या कट-पेस्ट करत बसायचे, मार्चच्या एप्रिलमध्ये जायच्या. मग भाच्यानं बॅच फाइल (कमांड ओळीनं लिहिलेली छोटी फाइल) करून दिली. फायली ओढून तिच्यावर सोडायच्या, त्या ठरलेल्या फोल्डरात जातात. वीस-तीस टाकल्या तर झटक्यात. सगळ्या टाकल्या की एरर. एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

जुना_डॉसवाला
पैसे घालवू नका. भाच्याचीही चूक नाही. ओढलेल्या प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता विंडोज एकाच ओळीत ओवून बॅच फाइलला देतं, आणि कमांड प्रॉम्प्टची (ती चालते त्या काळ्या खिडकीची) ओळ ८,१९१ अक्षरांपलीकडे जात नाही. पत्ता पासष्ट अक्षरांचा धरा, सव्वाशेच्या पुढं गाडी जाणारच नाही.

फायली नका ओढू, त्यांचा फोल्डर ओढा. पत्ता एकच जातो. आत मूव्ह या कमांडऐवजी रोबोकॉपी ही फायली हलवणारी कमांड लिहा, विंडोज व्हिस्टापासून ते विंडोजमध्येच असतं. त्याला तिरक्या रेषेपुढं एम-ओ-व्ही एवढीच अक्षरं द्या. शेवटी ई लावलात तर फायलींबरोबर फोल्डरही उचलला जाईल, आणि सकाळी स्कॅनर तो शोधत बसेल.

मिरजेचा_पाव्हणा
दादा, स्कॅनर किती आहेत तुमच्याकडं? आमच्याकडं दोन होते, दोन्हींची नावं ०००१ पासनं सुरू. मूव्ह कमांड हातानं दिली तर 'वर लिहू का' म्हणून विचारते, बॅच फाइलमधनं दिली तर गुमान वर लिहिते. रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही. नव्वद काटापावत्या गेल्या. शेतकरी समोर उभा आणि आमच्याकडं दाखवायला कागद नाही, लई वाईट वाटलं.

हळकुंड
बापरे, आमच्याकडंही दोनच आहेत! आणि फोल्डरचं नाव मराठीत 'एप्रिल' लिहिलंय, ते बॅच फाइलमध्ये कधीकधी चमत्कारिक दिसतं.

जुना_डॉसवाला
पाव्हण्यांचं आधी ऐका. रोबोकॉपीही सारख्या नावाची वेगळी फाइल आली तर जुनीवर लिहितं. एक्स-सी, एक्स-एन, एक्स-ओ हे तीन स्विच (तिरक्या रेषेपुढं द्यायची अक्षरं) लावा, म्हणजे तिकडं त्या नावाची फाइल असेल तर नवी जागची हलणार नाही. खरा उपाय स्कॅनरच्या सेटिंगमध्ये: नावात तारीख-वेळ येऊ द्या, आणि एका स्कॅनरला पुढं वेगळं अक्षर.

मराठी नावासाठी बॅच फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं टिकवणाऱ्या प्रकारात) सेव्ह करून वर कोडपेज ६५००१ ची, म्हणजे ती अक्षरं तशीच वाच असं सांगणारी, ओळ घालता येते. मी तरी साल-महिना आकड्यांत लिहितो, फोल्डर आपोआप क्रमानं लागतात. पत्त्याभोवती दुहेरी अवतरण विसरू नका, नावात जागा असली की तुकडे पडतात. आणि पहिल्यांदा खऱ्या पट्ट्यांवर नको, कॉपी करून त्यावर चालवा.

हळकुंड
कॉपीवर चालवली. ३१२ पैकी ३०८ गेल्या, ४ मागं राहिल्या. उघडून बघितलं तर चारही दुसऱ्या स्कॅनरच्या, नावं सारखी. जुन्या पद्धतीनं या चार गेल्याच असत्या. दिवाणजींची मात्र तक्रार: काळी खिडकी दिसते न दिसते तोच बंद, काम झालं की नाही कळायचं कसं?

मिरजेचा_पाव्हणा
शेवटच्या ओळीत पॉज लिहा. त्यांनी बटण दाबेपर्यंत थांबती.