सूर्यघड्याळं आणि त्यांचे घोळ: आपापले किस्से टाका

परवा 13 मेला शून्य सावली म्हणून सोसायटीतली सगळी चिल्लीपिल्ली बाटल्या, स्टंप, लाटणी घेऊन गच्चीवर. एका आजोबांनी "माध्यान्ह म्हणजे बारा" असं ठासून सांगून सगळ्यांना पावणेबारालाच वर चढवलेलं. बारा वाजले, उभ्या धरलेल्या लाटण्याची दोन बोटं सावली आहेच. सव्वाबारा, आहेच. लाद्या अशा तापलेल्या की पोरं पाय बदलत उभी. आजोबा म्हणाले पुण्यात हे नीट होतच नाही, आणि अर्धी जनता आमरस खायला खाली. 12:31 ला सावली गेली तेव्हा वर मी, दोन पोरं आणि डिश लावायला आलेला माणूस.

त्यावरून शाळेतलं सिमेंटचं सूर्यघड्याळ आठवलं. ते कायम मागे. एका सरांनी नोव्हेंबरात मनगटावरचं घड्याळ बघून ऑइलपेंटने सगळे आकडे सरकवले, म्हणे दुरुस्त केलं. फेब्रुवारीत परत अर्धा तास मागे! सरांचं म्हणणं, मुलं त्यावर बसतात म्हणून हललं.

तुमच्याकडचे किस्से येऊद्यात.

बावधनकर: सर बिचारे. पुणे 73.86 रेखांशावर, आपली घड्याळं चालतात 82.5 वर, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे साधारण 35 मिनिटं मागे, एवढं तर कायमचंच. पण वर अजून एक भानगड. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला म्हणून सूर्य स्वतःच वर्षभर पुढेमागे करतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे. त्यामुळे पुण्याची खरी दुपार नोव्हेंबरात 12:18 ला आणि फेब्रुवारीत 12:49 ला. सरांनी नेमका चुकीचा महिना पकडला

पेठेतली: म्हणजे 1 ते 4 दुकान बंद हे सूर्याने मोजलं तर 1:35 ते 4:35 😂 कुणी सांगू नका त्यांना

मीनल_ताई: मे महिन्यात गच्चीवर बाटल्या??? आमच्याकडे गच्चीवर कुरडया असतात, पोरांना जिन्यातच अडवतो

उन्हाळी_काकू: मीनल गहू किती दिवस भिजवतेस गं, माझा चीक यंदा पातळच झाला

मीनल_ताई: तीन दिवस, रोज पाणी बदलून. आणि वाटल्यावर रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी सगळं काढा, तिथेच लोक कंटाळा करतात

गच्चीवाला: कुरडयांचा वेगळा धागा काढा की 🙏 माझा किस्सा असा. शेजारच्यांच्या मुलीने मेलबर्नहून बागेत ठेवायचं पितळी सूर्यघड्याळ आणलं, फार सुंदर, काकांनी गॅलरीत कुंड्यांच्या मधे बसवलं. सकाळी नऊला बघतात तर सावली दुपारच्या आकड्यांवर. दक्षिण गोलार्धातलं ना ते, तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो म्हणून आकडे उलटे फिरतात. काकांनी सावली पाडणारी पट्टी उलटी बसवून पाहिली, तबकडी फिरवून पाहिली, शेवटी पाहुण्यांना सांगायला लागले की अँटिक आहे. आता त्यावर पक्ष्यांचं पाणी असतं

सायलीची_आई: आमचा सातवीचा प्रोजेक्ट. नवऱ्याने रात्री अकरा वाजता कंपासपेटी काढली आणि प्रत्येक तासाला 15 अंश असे समान भाग पाडले, तासाला सूर्य 15 अंश सरकतो म्हणून. आडव्या तबकडीवर ते चालत नाही हो! पुण्याच्या अक्षांशाला बारा ते एकमधे जेमतेम 5 अंश आणि पाच ते सहामधे 40. बाईंनी तपासलं तर सहा आणि बारा बरोबर, मधलं सगळं भरकटलेलं. नवरा म्हणाला दोन तर बरोबर आहेत

बावधनकर: 😂 तबकडी आडवी न ठेवता विषुववृत्ताला समांतर तिरपी केली असती तर 15-15 चाललं असतं. पण मग सप्टेंबरच्या 23 नंतर सावली तबकडीच्या खालच्या बाजूला पडते, तिकडे पण आकडे काढावे लागतात.

सायलीची_आई: नको, मार्क मिळालेत

निवृत्त_एसटी: आमचे वडील शेवटपर्यंत "मुंबई टाइम" म्हणायचे. 1906 ला स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईने स्वतःचा 39 मिनिटं मागचा टाइम 1955 पर्यंत सोडला नाही. तिकडचे व्याही लग्नाला वेळेवर आले नाहीत तर वडील एवढंच विचारायचे, कुठल्या टाइमने येताय

रोहन_औंध: जयपूरहून आणलेलं छोटं घड्याळ पुण्यात चालेल का? गाईड म्हणाला कुठेही चालतं

बावधनकर: गाईडला जंतरमंतरमधल्या 27 मीटर उंच सम्राट यंत्राशेजारी, म्हणजे तिथल्या अवाढव्य सूर्यघड्याळाशेजारी, उभं राहून असं बोलवलं कसं! ते 2 सेकंदांपर्यंत वेळ दाखवतं, कारण त्याची कड त्या गावच्या अक्षांशाएवढी तिरपी आहे. तुझ्या घड्याळाची पट्टी 27 अंशांची असणार, पुण्याला 18.5 हवी. दक्षिणेकडच्या बाजूखाली साडेआठ अंशांची पाचर घाल, काम होईल

पेठेतली: रोमन लोकांनी पण हेच केलेलं. सिसिलीतलं कॅटानिया जिंकलं, लुटीत सूर्यघड्याळ आणलं, इसपू 263 ला चौकात उभं केलं. कॅटानिया रोमच्या बरंच दक्षिणेला, त्यामुळे वेळ चुकायची. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, 99 वर्षं लोक तीच वेळ पाळत होते. रोहन तुझ्याकडे अजून बराच वेळ आहे

रोहन_औंध: 😂😂

नवा_फ्लॅट: थोडं अवांतर. एजंटने उत्तरेची गॅलरी म्हणजे ऊन नाही, सांगून चढा भाव लावला. मेपासून दुपारी गॅलरीत ऊन! त्याला फोन केला तर म्हणे नवीन पडद्यांचा नंबर देतो

बावधनकर: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सावल्या दक्षिणेकडे पडतात. जूनमधे ढग आले की सुटाल

नवा_फ्लॅट: पडद्यांचा नंबर घेतला. फुलेनगरचा आहे, कुणाला हवा असेल तर विचारा

उन्हाळी_काकू: मला हवाय. आणि मीनल, निवळायला स्टीलचं पातेलं चालेल ना