मदत हवी आहे: सीएएस परीक्षा सहा-यूएस, शेड्यूल पी, शेड्यूल एफ आणि आरबीसी

सीताबर्डी_६
नमस्कार मंडळी. कॅज्युअल्टी अ‍ॅक्च्युरिअल सोसायटीचा विमा नियमन आणि वित्तीय अहवाल हा पेपर येत्या उन्हाळी सत्रात द्यायचा आहे. तयारी नागपुरातूनच चालू आहे आणि अमेरिकी स्टॅट्युटरी अकाउंटिंग (नियामकांसाठीची विमा हिशेबपद्धत, सॅप) शिकवणारं इथे कुणी सापडत नाही. अडतंय ते असं:
१. शेड्यूल पीचे, म्हणजे वार्षिक विवरणातल्या दाव्यांच्या तक्त्यांचे, भाग एकमेकांशी कसे जोडायचे?
२. शेड्यूल एफची, म्हणजे पुनर्विम्याच्या तक्त्यातली, तरतूद कधी २० टक्के, कधी पूर्ण, हे का?
३. आरबीसीमधले (जोखमीनुसार लागणारं किमान भांडवल) ३ टक्के ऑपरेशनल रिस्क निम्मं करण्याआधी धरायचे की नंतर?
४. कायद्याच्या खटल्यांवरची उत्तरं किती लिहायची?

अंबाझरी_काठ
ताई, तक्ते सुटे सुटे पाठ करू नका. प्रत्येक आकडा शेवटी पॉलिसीहोल्डर्स सरप्लसला (मालमत्ता वजा देणी) कुठून लागतो, ते बघत चला. बाकीचं आपोआप जुळतं.

शेड्यूल पीत भाग २ म्हणजे आयबीएनआरसकट (घडलेल्या पण अजून न कळवलेल्या दाव्यांचा अंदाज) एकूण इन्कर्ड (झालेला तोटा), भाग ३ आजवर भरलेलं, भाग ४ बल्क (एकगठ्ठा रिझर्व्ह) आणि आयबीएनआर. या तिन्ही भागांत केस रिझर्व्हचा (कळवलेल्या एकेका दाव्यासाठी राखलेली रक्कम) स्वतंत्र त्रिकोण (वर्षवार तक्ता) नसतो, तो २ वजा ३ वजा ४ करून काढायचा. समजा अपघातवर्ष (अपघात ज्या वर्षी घडला ते) २०२१ साठी भाग २ मध्ये २०२२ अखेर ४१०, २०२३ अखेर ४३० आणि २०२४ अखेर ४४५ आहेत. २०२४ अखेर भाग ३ मध्ये ३०० आणि भाग ४ मध्ये ६० आहेत. मग केस रिझर्व्ह ८५, एक वर्षाचं डेव्हलपमेंट (अंदाजातला बदल) १५, दोन वर्षांचं ३५. आकडा धन आला की ते प्रतिकूल.

मार्क जातात ते पुढच्या गोष्टींवर. एक वर्षाच्या डेव्हलपमेंटमध्ये चालू अपघातवर्ष येत नाही, दोन वर्षांच्यात शेवटची दोन्ही येत नाहीत. आयरिस (नियामकांच्या इशारा-चाचण्या) गुणोत्तर ११ ला, म्हणजे एक वर्षाच्या डेव्हलपमेंटला, भाजक मागच्या वर्षअखेरचा सरप्लस, १२ ला, म्हणजे दोन वर्षांच्याला, त्याच्याही आधीच्या वर्षअखेरचा. दोन्हींची मर्यादा २० टक्के. शेड्यूल पी हजार डॉलरमध्ये असतं आणि ताळेबंद डॉलरमध्ये, त्यामुळे भागाकाराआधी एकक बघा. आपल्या हाताला लाख-कोटींच्या स्वल्पविरामाची सवय असते, म्हणून संख्या स्वल्पविरामाशिवायच टाइप करा.

‘प्रायर’ (तक्त्याच्या आधीच्या सगळ्या जुन्या वर्षांची) ओळ प्रत्येक भागात वेगळी वागते, हे जपून पाहा. भाग ३ मध्ये ती शून्यापासून सुरू होते, म्हणून भाग २ मधल्या प्रायर ओळीचा पहिला आकडा म्हणजे त्या वेळचा नुसता शिल्लक रिझर्व्ह. तो त्या जुन्या वर्षांचा पूर्ण तोटा नव्हे. भाग १ च्या प्रायर ओळीत तर फक्त चालू कॅलेंडर वर्षात भरलेली रक्कम येते. शिवाय अ‍ॅडजस्टिंग अँड अदर खर्च (दावे हाताळण्याचा इतर खर्च) भाग १ मध्ये असतो, २ ते ४ मध्ये नाही. भाग १ आणि भाग २ चा ताळा जुळला नाही की आधी तिथे बघा.

मिहान_रात्रपाळी
शेड्यूल एफचं मी सांगते. यामागचा हेतू धरला की नियम लक्षात राहतो: पुनर्विमा कंपनीकडून येणं वेळेवर येईल की नाही, याबद्दलची शंका सरप्लसमधून वजा करून ठेवायची.

अधिकृत (राज्यात परवाना वा मान्यता असलेली) पुनर्विमा कंपनी आधी ‘स्लो पेयर’ (उशिरा पैसे देणारी) आहे का ते तपासा. अंशात ९० दिवसांहून जास्त थकलेली, वादात नसलेली रक्कम. छेदात भरलेल्या दाव्यांवरचं वादात नसलेलं येणं अधिक गेल्या ९० दिवसांत मिळालेली रक्कम. थकीत १५, येणं १००, मिळालेले २५ असतील तर १५ भागिले १२५, म्हणजे १२ टक्के. २० च्या आत आहे, म्हणून तरतूद थकीत १५ च्या २० टक्के, म्हणजे ३. वादातली रक्कम असेल तर तिचेही २० टक्के त्यात मिळवायचे.

आता थकीत ३०, येणं १०० आणि मिळालेले २० घ्या. ३० भागिले १२०, म्हणजे २५ टक्के. कंपनी स्लो पेयर ठरली. एकूण येणं ५०० आणि तारण २०० असेल तर विनातारण ३००. आता ३०० आणि ३० यांतली मोठी रक्कम घेऊन तिचे २० टक्के, म्हणजे ६०. थकीत फक्त दुप्पट झाली आणि तरतूद ३ वरून ६० वर गेली. ही उडी का पडते, यावर प्रश्न हमखास काढता येतो, म्हणून दोन ओळींचं उत्तर तयार ठेवा: चाचणी ओलांडली की नुसत्या थकबाकीवर नाही, त्या कंपनीकडच्या सगळ्या विनातारण येण्यावर शंका घेतली जाते.

हीच कंपनी अनधिकृत असती तर पूर्ण ३००, अधिक थकीत ३० चे २० टक्के, म्हणजे ३०६. वादातल्या रकमेचे २० टक्के असतील तर तेही मिळवा. कमाल मर्यादा एकूण येण्याची.

तरतुदीतला बदल थेट सरप्लसमध्ये जातो, उत्पन्नपत्रकातून नाही. गॅपमध्ये (सर्वसाधारण हिशेबपद्धत) अशी सूत्रबद्ध तरतूद नसते, तिथे वसुली न होण्याचा अंदाज बांधतात. सॅप-गॅप फरकाच्या प्रश्नात हा मुद्दा डीएसी (पॉलिसी मिळवण्याचा पुढे ढकललेला खर्च) आणि नॉन-अ‍ॅडमिटेड (ताळेबंदात न धरल्या जाणाऱ्या) मालमत्तेच्या जोडीला लिहा.

झिरो_माईल_४४०००१
आरबीसीचं उत्तर: ३ टक्के आधी, निम्मं नंतर. जोखमींच्या आकड्यांपैकी आर-० वर्गमुळाच्या बाहेर राहतो, आर-१ ते आर-५ आणि आर-कॅट (आपत्तीची जोखीम) आत जातात. आर-० १०, आर-१ २०, आर-२ ३०, आर-३ १०, आर-४ १००, आर-५ ८०, आर-कॅट ४० घ्या. आतल्या वर्गांची बेरीज १९,४००, वर्गमूळ १३९.२८, त्यात आर-० मिळवून १४९.२८. त्यावर ३ टक्के धरून १५३.७६. निम्मं केलं की ऑथराइज्ड कंट्रोल लेव्हल ७६.८८. टोटल अ‍ॅडजस्टेड कॅपिटल (कंपनीचं प्रत्यक्ष भांडवल) १४० असेल तर गुणोत्तर १८२ टक्के, म्हणजे कंपनी अ‍ॅक्शन लेव्हल.

नियामकाच्या कारवाईच्या पायऱ्या, टक्क्यांत: २०० च्या वर काही नाही, १५० ते २०० कंपनी अ‍ॅक्शन, १०० ते १५० रेग्युलेटरी अ‍ॅक्शन, ७० ते १०० ऑथराइज्ड कंट्रोल, ७० च्या खाली मँडेटरी कंट्रोल. आणि २०० ते ३०० मध्ये असूनही कम्बाइन्ड रेशो (प्रीमियमच्या तुलनेत दावे आणि खर्च) १२० च्या वर असेल तर ट्रेंड टेस्टमुळे कंपनी अ‍ॅक्शन लागते. हे शेवटचं पुष्कळांकडून राहून जातं. आपल्याकडचं आयआरडीएआयचं (भारतीय विमा नियामक) १.५ सॉल्व्हन्सी गुणोत्तर या तक्त्यावर बसवायला जाऊ नका. तिथे छेद वेगळा, रचना वेगळी.

सीताबर्डी_६
मनापासून आभार, फार मोकळं झालं. जुन्या प्रश्नपत्रिकांतली उत्तरं आजही तशीच चालतील का? आणि चौथा प्रश्न राहिला आहे.

अंबाझरी_काठ
जुने पेपर सोडवाच, परीक्षकांच्या अहवालासकट. पण त्यातले आकडे तसेच उचलू नका. टीआरआयएचा (दहशतवादी हल्ल्यांच्या विम्याचा अमेरिकी कायदा) केंद्र सरकारचा वाटा जुन्या पेपरात ८५ टक्के दिसेल, आता तो ८० आहे. ट्रिगर (मदत सुरू होण्याचा उंबरठा) १० कोटी डॉलर होता, आता २० कोटी. वजावट मागच्या वर्षीच्या डायरेक्ट अर्न्ड प्रीमियमच्या २० टक्के. कॉर्पोरेट कराचा दर ३५ होता, २०१८ पासून २१. शेड्यूल एफचा आराखडाही त्याच सुमारास बदलला, त्यामुळे जुन्या पेपरात रकाने आणि भागांचे क्रमांक वेगळे दिसतील.

धरमपेठ_वाचनालय
कायद्यासाठी प्रत्येक खटल्यामागे चार वाक्यं: काय घडलं, प्रश्न काय, निकाल काय, परिणाम काय. क्रम डोक्यात असा ठेवा. १८६९ पॉल विरुद्ध व्हर्जिनिया: विमा हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून नियमन राज्यांकडे. १९४४ साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स: तो आंतरराज्य व्यापारच आहे, म्हणून शर्मन कायदा (मक्तेदारीविरोधी, म्हणजे अँटिट्रस्ट) लागू. १९४५ मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा: नियमन पुन्हा राज्यांकडे, जिथे राज्य नियमन करत नाही तिथे केंद्राचा अँटिट्रस्ट, आणि बहिष्कार, जबरदस्ती, धमकी यांना सूट कधीच नाही. पुढचे वित्तीय कायदे १९९९ ग्रॅम-लीच-ब्लायली, २०१० डॉड-फ्रँक आणि त्यातून फेडरल इन्शुरन्स ऑफिस. ‘परिणाम’ हे वाक्य गाळलं की अर्धं उत्तर गेलं.

क्रियापद वाचा. ‘दोन सांगा’ म्हटलं तर दोनच लिहा. ‘स्पष्ट करा’ म्हटलं तर कारण हवं.

तारखा वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यांचं ३१ डिसेंबरला. वार्षिक विवरण आणि स्टेटमेंट ऑफ अ‍ॅक्च्युरिअल ओपिनियन (रिझर्व्हबद्दल अ‍ॅक्च्युअरीचं मत) १ मार्च, ओपिनियन समरी १५ मार्च, अ‍ॅक्च्युरिअल रिपोर्ट १ मे, लेखापरीक्षित अहवाल १ जून. ओपिनियन सार्वजनिक असतं, समरी गोपनीय. गेल्या पाचपैकी तीन किंवा जास्त वर्षांत एक वर्षाचं प्रतिकूल डेव्हलपमेंट सरप्लसच्या ५ टक्क्यांहून जास्त असेल तर समरीत त्याचं कारण द्यावं लागतं. हा प्रश्न शेड्यूल पीच्या आकड्यांवरूनही काढता येतो.

मिहान_रात्रपाळी
एप्रिल-मेच्या दुपारी इथे बाहेर पडवत नाही, ते तास घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला ठेवा. संगणकावरच सोडवा आणि सूत्रं स्प्रेडशीटच्या पेशीतच लिहा. नुसतं शेवटचं उत्तर टाइप केलं तर पायरीचे मार्क कशावर द्यायचे, ते परीक्षकाला कळत नाही.