मदत हवी आहे : कागदी ॲनिमेशनमधील धुके

सोव्हिएत ॲनिमेशनकार युरी नॉर्श्टाइन यांच्या १९७५ सालच्या ‘हेजहॉग इन द फॉग’ या ॲनिमेशन लघुपटात कापून केलेली सपाट पात्रे काचेच्या थरांवर हलवली असून, धुक्यासाठी अतिशय पातळ कागद पात्रावर ठेवून चौकटीगणिक (फ्रेमगणिक) कॅमेऱ्याकडे उचलत नेला आहे. आजही ते धुके ओलसर भासते, आणि हाताच्या कामाची ही जवळीक मला इतरत्र क्वचितच जाणवली आहे. मी घरी दोन काचांवर, सेकंदाला १२ चौकटी घेऊन, तसाच प्रयत्न करीत आहे. परंतु वरच्या काचेत दिव्याचे प्रतिबिंब उमटते आणि ट्रेसिंग पेपर जरा उचलताच पात्र पूर्णपणे दिसेनासे होते. दिवे कोणत्या कोनात ठेवावेत आणि याहून पारदर्शक असा कोणता कागद वापरावा, हे अनुभवींनी कृपया सांगावे.